पाणक्याचा नातू

आमच्या म्युनिकच्या इमारतीत लिफ्ट असूनही कोस्टासराव पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट जिन्यानं वर नेत. स्वतःचे, शेजाऱ्यांचे, न मागता आमचेही. कारण विचारलं की हे म्हातारे ग्रीक गृहस्थ छाती पुढे काढून सांगत, "माझे आजोबा पाणके होते! पहिल्या ऑलिंपिकची मॅरेथॉन त्यांनीच जिंकली."

मी तेव्हा मुलाकडे राहायला आलेली, जेमतेम पंचावन्नची पोर. हेरगिरीची हौस दांडगी, बुद्धी बेताची. जर्मनीत कोणी न मागता क्रेट उचलतो म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी सुनेला बजावलं.

"अहो आई, त्यांना नुसत्या गप्पा मारायच्या असतात."

"भामटेसुद्धा आधी गप्पाच मारतात!"

शिवाय गोष्ट रोज बदले. आजोबांनी धावता धावता थांबून कधी एक पेला वाइन घेतली, कधी दोन. राजा म्हणाला, माग हवं ते. तर त्यांनी पाणी वाहायला गाडी मागितली. तिला सोमवारी गाढव, गुरुवारी घोडा. त्या उन्हाळ्यात अथेन्सला पुन्हा ऑलिंपिक होतं, त्यामुळे पेपरात त्या जुन्या विजेत्याचं नाव आलं. मी चपला सरकवून थेट खाली गेले आणि दारावरच्या बेलची पाटी वाचली. आडनाव भलतंच!

"आईचे वडील की वडिलांचे वडील?" मी त्यांना जिन्यातच माझ्या मोडक्या जर्मनमध्ये गाठलं.

"आईचे."

"आणि परवा वडिलांचे म्हणालात ते?"

"आल्झो... म्हणजे असं की..." म्हणत कोस्टासराव क्रेटसकट पसार.

रविवारी त्यांच्याकडे कॉफीचं बोलावणं होतं. त्यांच्या बायकोसमोर, गेर्डासमोरच, पितळ उघडं पाडायचं म्हणून मी ठेवणीतली साडी नेसून गेले. जणू सत्कार माझाच होता.

गेर्डा खिडकीशी बसली होती. नवऱ्याकडे बघत तिनं मला हळूच विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

कोस्टासराव तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. "फॅक्टरीच्या कँटीनमध्ये पहिल्या भेटीत तुला सांगितलं होतं ना, माझे आजोबा पाणके..." वाइन आली, राजा आला. गाढवापाशी गेर्डा खुदकन हसली. "कोस्टास! तू होय!" तिनं त्यांचा हात धरला.

मग एकदम तिच्या कपाळाला आठी पडली. ती माझ्याकडे वळली. "हा खरंच त्या पाणक्याचा नातू आहे ना?"

कोस्टासरावांनी मान खाली घातली. हात मात्र सोडला नाही.

"गेनाऊ, बरोबर," मी म्हटलं. "अगदी सख्खा."