बाई दिसणेबाबत

कमलाकरने काढलेला नऊ मिनिटांचा भुताचा पिच्चर नातेवाइकांच्या ग्रुपवर पडला आणि चाळीस सेकंदांत पहिलं उत्तर आलं, "अप्रतिम!" पाठोपाठ सात टाळ्या, चार अंगठे आणि वणीच्या साडभावाकडून मेणबत्त्या लावलेला एक केक. साडभावाला कुणाचा तरी वाढदिवस वाटला असावा.

"पाहा," कमलाकरने फोन बायकोपुढे धरला, "सगळ्याइले आवडला."

रत्नप्रभा कणीक मळत होती. पिच्चरमधलं भूत म्हणजे तीच. "नऊ मिनिटाचा पिच्चर चाळीस सेकंदात कसा काय आवडला बाप्पा?" ती म्हणाली. "उघडलाच नाई कोनं. तुमी मले खरं सांगा, मले पाहून भेव लागते का हसू येते?"

"आता मी काय सांगू? मीच काढला थो."

"मंग एक करा. एका तरी परक्या मानसाले मनातलं खरं सांगू द्या, का भेव वाटलं म्हून. तवाच पाठवा थे यवतमाळच्या स्पर्धेले. नाई तं राहू द्या. फुकट माह्या थोबाडाचं हसं कायले करता?"

त्या दिवशी मंगळवार होता. स्पर्धेची मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहाला संपत होती.

कमलाकर तालुक्याच्या गावी एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होता. कोणत्या खात्यात ते सांगत नाही. खात्यातली माणसं मनाला लावून घेतात, आणि आपलंही काही ना काही काम तिथे अडकलेलं असतंच. अठ्ठावीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारले. आता कुठे स्वतःच्या डोक्यातलं काहीतरी जगापुढे ठेवलं होतं आणि त्यावर कुणीतरी खरं बोलावं एवढीच त्याची भूक होती. केकने ती भागण्यातली नव्हती.

पिच्चरची गोष्ट साधी होती. ऑफिसच्या जुन्या फाइलींचं गोदाम. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे. त्या गठ्ठ्यांच्या मधल्या बोळातून पांढऱ्या लुगड्यातली एक बाई सावकाश चालत पुढे येते, थेट पाहणाऱ्याच्या डोळ्यांत बघते आणि विचारते, "साहेब, माह्या अर्जाचं काय झालं?" तीस वर्षं ती हेच विचारते आहे. शूटिंग रविवारी भर दुपारी, शटर खाली ओढून झालं. गोदामाचा चौकीदार धरमसिंग याने खालून टॉर्च धरली, रत्नप्रभाने थर्मासमधून सगळ्यांना चहा दिला. परवानगी घेतली नव्हती. परवानगीचा अर्ज केला असता तर ती कमलाकरच्या निरोपसमारंभाच्या सुमारास मिळाली असती.

परका माणूस म्हणजे ऑफिसातला, असा विचार करून कमलाकर बुधवारी सकाळी कामाला लागला. दुसरा कुणी असता तर सरळ म्हणाला असता, "हे पाहा आणि कसं वाटलं ते सांगा." पण अठ्ठावीस वर्षांच्या हाताला वळण पडलेलं. त्याने नवी फाइल घेतली, समास आखला आणि लिहिलं :

"विषय : अभिलेख गोदामात पांढऱ्या लुगड्यातील बाई दिसणेबाबत. उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, सदर बाई गेली तीस वर्षे आपल्या अर्जाची चौकशी करीत असून तिला अद्याप कोणीही उत्तर दिलेले नाही. सोबत चित्रफीत जोडली आहे. कृपया अवलोकन होऊन अभिप्राय मिळावा, ही विनंती."

पेनड्राइव्ह पाकिटात घालून, पाकिटाला दोन पिना मारून त्याने ते फाइलीला जोडलं. या सगळ्यात लघुपट, पिच्चर, गोष्ट असा एकही शब्द आला नव्हता. ते त्याच्या ध्यानातच आलं नाही. उलट कागद फार नेटका उतरला म्हणून त्याने तो दोनदा वाचला.

फाइल अधीक्षक भगवानरावांच्या टेबलावर गेली. "सावकाश पाहा, पण मनापासून लिहा," कमलाकर म्हणाला. भगवानरावांनी फोनवर बोलता बोलता मान हलवली, फाइल न उघडताच वरच्या चिठ्ठीवर "मुद्दे तपासले. सादर." असं लिहिलं आणि साहेबांकडे जाणाऱ्या गठ्ठ्यात ती टाकली. साहेब नाशिककडून तीन महिन्यांपूर्वी बदलून आलेले होते. त्यांच्याबद्दल ऑफिसात एक वाईट बोललं जायचं, की ते समोर येईल ते वाचतात.

दुपारी चारला फाइल परत आली. तीवर हिरव्या शाईत शेरा होता : "अत्यंत गंभीर. तीस वर्षे अर्ज प्रलंबित! बाई कोण, अर्ज कोणता, याची स्थळपाहणी करून शुक्रवारी दुपारी बारापर्यंत अहवाल सादर करावा. विषय महिलेचा असल्याने समितीत एक महिला सदस्य घ्यावी."

कमलाकरने फाइल उचलली. तो तसाच भगवानरावांकडे धावला.

"भगवानराव, थे पिच्चर आहे!"

"कोनतं?"

"तुमी तपासलं थे! भुताचा पिच्चर. थे बाई म्हंजे माही बायको."

भगवानरावांनी आधी दाराकडे पाहिलं, मग फाइलीकडे. "हळू बोला ना! मी 'मुद्दे तपासले' लिहून बसलो. आता साहेबाले जाऊन सांगू का, का फाइल न उघडता सही केली म्हून? अन् तुमी काय सांगसान, गोदाम कोनाले इचारून उघडलं म्हून?"

"मंग करायचं काय?"

"शेरा पडला आहे. शेऱ्याचं पालन करू. जाऊ, पाहू, 'बाई आढळून आली नाही' लिहू अन् फाइल बंद. तुमीही वाचले, मीही वाचलो."

बेत उत्तम होता. त्यात एकच खोट होती, ती म्हणजे महिला सदस्य. सुरभी दोनच महिन्यांपूर्वी परीक्षा देऊन रुजू झाली होती आणि अजून तिचं प्रशिक्षण ताजं होतं. गुरुवारी सकाळी ती वही, टेप आणि कार्बन पेपर घेऊन गोदामाच्या दारात हजर झाली. धरमसिंगला स्टुलावर बसवून तिने जबाब सुरू केला.

"या गोदामात बाई दिसते का?"

तिच्या मागे उभे राहून भगवानरावांनी 'नाही म्हण' अशा अर्थी इतक्या जोरात मान हलवली की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"दिसते ना म्याडम," धरमसिंग म्हणाला. "रविवारीच आलती."

"पांढऱ्या लुगड्यात?"

"एकदम पांढरं. केस मोकळे, तोंडाले ही एवढी पावडर."

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"भेव कायचं? लय चांगली बाई आहे. मले चहा देल्ला तिनं. साखर थोडी कमी होती, पन आता आपन कसं बोलावं?"

"म्याडम, हे चहाचं लिहाची काई गरज नाई," भगवानराव मध्ये पडले.

"सर, जबाब जसाच्या तसा घ्यायचा असतो," सुरभी म्हणाली आणि साखरेसकट सगळं लिहून घेतलं. "तिच्यासोबत आणखी कोण होतं?"

धरमसिंगने कमलाकरकडे पाहिलं. कमलाकरने सुरभीच्या पाठीमागून दोन्ही हात जोडले. धरमसिंग शब्दाचा पक्का माणूस होता आणि रविवारी त्याने कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला होता. खोटं तो बोलत नसे, आणि शब्दही मोडत नसे. "होतं एक जन," तो म्हणाला, "पन नाव नाई सांगत. जबान देल्ली आहे."

सुरभीने लिहिलं, "सदर बाई चहा देते. सोबतच्या इसमाचे नाव सांगण्यास साक्षीदाराने स्पष्ट नकार दिला." त्या रात्री कमलाकरला जेवण गेलं नाही. "भेटलं काय कोनी खरं सांगनारं?" रत्नप्रभाने विचारलं. "चौकशी चालू आहे," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

शुक्रवारी बाराला साहेबांनी अहवाल वाचला. "चहा देते?" त्यांनी ते वाक्य परत वाचलं. "हा काय प्रकार आहे? पुरावा काय?"

"सर, फाइलीला चित्रफीत जोडलेली आहे," सुरभी म्हणाली. "अजून कुणी उघडलेली दिसत नाही. पाकिटाच्या पिना तशाच आहेत."

भगवानराव छताच्या पंख्याकडे पाहू लागले. साहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते म्हणाले, "सगळ्यांना सभागृहात बोलवा. सगळे मिळून बघू."

पडदे ओढले गेले, प्रोजेक्टर लागला. खुर्च्या भरल्या. कमलाकर मागच्या भिंतीला टेकून उभा होता. आत्ता ओरडून सांगितलं असतं तर सगळं थांबलं असतं, आणि सांगायला त्याने तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात एक गोष्ट त्याच्या डोक्यात लख्ख उजाडली. भगवानराव आणि धरमसिंग सोडले तर या खोलीतल्या कुणालाच हा आपल्या सहकाऱ्याचा पिच्चर आहे हे ठाऊक नव्हतं. म्हणजे कुणी त्याचं मन राखणार नव्हतं, अंगठा दाखवणार नव्हतं. असे प्रेक्षक त्याला उभ्या जन्मात परत मिळाले नसते. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, असं म्हणून त्याने तोंड मिटलं.

पडद्यावर गोदाम उमटलं. लाल गठ्ठे. एक मिनिट नुसतेच गठ्ठे. कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "हे आपल्याच टेबलाचं दिसून राह्यलं." मग बोळाच्या टोकाला पांढरं काहीतरी हललं. बाई यायला लागली. तिला घाई नव्हती. येता येता ती एकेका गठ्ठ्यावर हात फिरवत होती, आपलं नाव शोधत असल्यासारखी. खालून पडलेल्या उजेडात तिचा चेहरा मोठा होत होत सगळ्या पडद्यावर पसरला. सभागृहात कुणी खुर्ची सरकवत नव्हतं. साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला होता, तो तसाच हवेत राहिला. भगवानरावांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. ही बाई कोण, कुठल्या गल्लीत राहते, सगळं ज्यांना ठाऊक होतं, त्या भगवानरावांनी.

बाईने साहेबांच्याच डोळ्यांत पाहिलं आणि विचारलं, "साहेब, माह्या अर्जाचं काय झालं?"

"प्रकरण प्रक्रियेत आहे, बाई!" भगवानराव किंचाळले.

"उद्या या! उद्या!" साहेब उठून उभे राहिले, ग्लास खाली पडून फुटला. "लाइट! लाइट लावा आधी!"

लाइट लागले तेव्हा पडद्यावर नावं चढत होती. बाई : सौ. रत्नप्रभा. प्रकाश : धरमसिंग. दिग्दर्शन : कमलाकर. दाराशी उभा असलेला धरमसिंग तेवढा खूश झाला. "आलं, आलं, माह्यं नाव आलं!"

साहेबांनी रुमालाने कपाळ टिपलं. नोटीस तर काढायला हवी होती. पण नोटीस काढायची म्हणजे चित्रफीत पाहताना काय घडलं तेही कागदावर आलं असतं, आणि ते लिहून घ्यायला सुरभी पेन उघडून तयारच बसली होती.

"हं," साहेब अखेर म्हणाले. "लघुपट आहे तर. अभिप्राय हवाय ना तुम्हाला, कमलाकर? द्या फाइल." त्यांनी हिरव्या शाईत लिहिलं, "चित्रफीत पाहिली. प्रयत्न स्तुत्य. मात्र भीतिदायक वाटली नाही." मग मान वर करून विचारलं, "काय भगवानराव, भीती वाटली का?"

"छे छे साहेब! भीती कायची?" पाय खाली सोडत भगवानराव म्हणाले आणि त्याखाली "सहमत" लिहिलं. फाइल खुर्चीखुर्चीवरून फिरली. सतरा सह्या झाल्या, सतरा वेळा "सहमत."

साडेपाचला कमलाकर घरी पोचला तो चेहरा पाडूनच. आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं त्याला पुरेसं होतं, पण रत्नप्रभाची अट सांगण्याची होती, आणि सांगताना सगळ्यांनी भीती वाटली नाही असंच सांगितलं होतं. त्याने अभिप्रायाची प्रत तिच्यापुढे ठेवली. तिने ती वाचली आणि पदराला उगाच हात पुसले. तिचा उतरलेला चेहरा पाहून त्याला फार वाईट वाटलं.

"राहू द्या मंग," ती म्हणाली. "अन् हा दुसरा कागद कायचा?"

"थे परिपत्रक आहे साहेबाचं. निघता निघता धरमसिंगनं सह्या घेतल्या सगळ्याइच्या."

रत्नप्रभाने ते उजेडात धरून मोठ्याने वाचलं. "एक. कार्यालयातील सर्व प्रलंबित अर्ज आठ दिवसांच्या आत निकाली काढावेत. दोन. अर्जदार महिलांना 'उद्या या' असे सांगू नये. तीन. अभिलेख गोदामात यापुढे कोणीही एकट्याने जाऊ नये."

ती थांबली. खालची हिरवी सही तिने अभिप्रायावरच्या सहीशी ताडून पाहिली.

"पिच्चर कितीले संपला?"

"साडेबारा झाले असतीन."

"अन् हा कागद कितीले निघाला?"

कमलाकरने जावक शिक्का पाहिला. "बारा पन्नास."

"वीस मिनिटात?" रत्नप्रभाच्या चेहऱ्यावर हसू हळूहळू पसरलं. "अठ्ठावीस वर्सात तुमच्या हापिसातून एखादा कागद वीस मिनिटात निघाला काय कधी?"

"नाई बा."

"मंग बसून काय राह्यले? पाठवा!"

सहाला अकरा मिनिटं कमी होती. लेकीच्या लॅपटॉपवर कमलाकरने पिच्चर चढवला, नाव लिहिलं, पत्ता लिहिला. अर्जाच्या शेवटी एक रकाना होता, 'प्रेक्षकांचे अभिप्राय, असल्यास'. सतरा सह्यांचा कागद त्याने बाजूला सारला, परिपत्रकाचा फोटो काढला आणि तो तिथे जोडला.