राडिवोयचा अवेळी उपास

डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद टेबलावर उलटा ठेवला, तेव्हाच राडिवोयने ओळखलं. कोलेस्टेरॉल भलतंच वाढलं होतं. "चरबी बंद, राकियाची दारू बंद, आणि रोज तासभर चालायचं," बाई म्हणाल्या. राडिवोयचे वडील याच वयात, फाटकापाशी बाकावर, चवार्त्सीचा वाडगा मांडीवर घेऊन बसल्या जागी गेले होते. डुकराच्या चरबीचे ते कुरकुरीत तुकडे त्यालाही तितकेच प्रिय. घरी पोचेपर्यंत त्याचा हात छातीवरून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी तो चालायला निघाला. पण कुणाच्या फाटकासमोरून नुसतं निघून जायची त्या गावात रीत नव्हती. "काय रे, आमच्या घराला काटे आलेत का? ये, बस," शेजारच्या झिवानने हाक मारली. बसलं की राकिया, राकियाबरोबर चवार्त्सी. नको म्हणणं म्हणजे घरधन्याचा अपमान. असं फाटकाफाटकाला थांबत तो परतला तो ढेकर देत आणि घाबराघुबरा होऊन.

"चालायला गेला होतास की चरायला?" बायकोने, देसांकाने विचारलं.

मग एक दिवस झिवानने बाटली उचलली, आणि भीतीपोटी राडिवोयच्या तोंडून निघून गेलं, "मला उपास आहे."

झिवानचा हात थबकला. ईस्टर नुकता झाला होता, त्याआधीचा मोठा उपास संपवून सगळं गाव मांसावर तुटून पडलं होतं. अशा दिवसांत उपास धरतो तो जिवावर बेतल्यावर नवस बोललेला माणूस. "इतकं झालंय?" त्याने हळूच विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता छातीवर क्रूसाची खूण केली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. म्हातारी मिलोसावा त्याला पाहून डोळे टिपू लागली. झिवान स्वतः करवत घेऊन दारात आला. ही करवत त्याने कैक वर्षांपूर्वी नेली होती आणि परत करायचं नावही काढलं नव्हतं. "म्हटलं, राहून जायला नको," तो खाली बघत म्हणाला. राडिवोय करवत तशीच हातात घेऊन आत गेला.

"खरं सांग," त्याने देसांकाला गाठलं, "डॉक्टरीणबाई तुझ्यापाशी वेगळं काही बोलल्या का?"

"बोलल्या. खादाड आहे म्हणाल्या."

पण त्याचा विश्वास बसेना. धास्तीने घास उतरेना, घरात बसवेना, म्हणून तो चालतच राहिला. आता फाटकातून कुणी बोलावत नव्हतं. लोक टोपी काढून मुकाट उभे राहत.

उन्हाळा सरताना पुन्हा तपासणी झाली. "छान उतरलंय की. असंच चालू ठेवा," बाई हसून म्हणाल्या. राडिवोयला रडूच फुटलं. जगणार आहोत, हे सगळ्या गावाला सांगावंसं त्याला वाटलं.

देसांकाबरोबर परतताना झिवान फाटकात उभा दिसला. मागे टेबलावर बाटली होती, चवार्त्सीची बरणी होती. "काय म्हणाल्या रे डॉक्टरीणबाई?"

राडिवोयने तोंड उघडलं. बरणीकडे पाहिलं. वडिलांचा तो बाक त्याच्या डोळ्यांसमोर आला.

"काय म्हणणार," त्याने छातीवर हात ठेवला, "चालवतंय तोवर चालायचं."

झिवानने टोपी काढली. देसांका नवऱ्याचा दंड धरून गंभीर चेहऱ्याने चालत राहिली. वळण आल्यावर हळूच म्हणाली, "मिलोसावाच्या फाटकापुढे जरा खोक."