दोन बोटं इथर

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वाकडं आहे, तेवढं सांभाळून घ्या. पण देवरे भाऊंबद्दल कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या स्टोअरबाहेर भिंतीला एक लोखंडी पाइप होता. आत जाणाऱ्याने आधी त्या पाइपला हात लावायचा, मग तो शिपाई असो की प्रिन्सिपल, असा देवरे भाऊंचा नियम. अंगात साठलेली वीज त्यातून जमिनीत उतरते म्हणे. नव्या मुलांना कारण माहीत नसायचं. एक मुलगी तर हात लावून कपाळाला लावायची. बाकीची मुलं हसली, तर भाऊ म्हणाले, "करू दे नमस्कार. हात लावते ना?"

भाऊ स्टोअर सांभाळायचे आणि मी झाडलोट करायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "साडी कशाची आहे?" मी लाजून अर्धी झाले. परका पुरुष आणि साडीची चौकशी!

"नायलॉन," मी कशीबशी म्हणाले.

"उद्यापासून सुती. नायलॉन घासलं की ठिणगी पडते. इथे ठिणगी पडली तर तुम्ही नाही, मी नाही, आणि भिंतीपलीकडचे फिजिक्सवालेसुद्धा नाहीत."

स्टोअरमध्ये सगळ्यात धाक पेट्रोलियम इथरचा. दिसायला पाण्यासारखं. पण झाकण उघडलं की वाफ सुटते. ती डोळ्यांना दिसत नाही, हवेपेक्षा जड असते, खाली बसते आणि जिथे जाळ असेल तिथे सरकत जाते. "वाफ पळत नाही, चालत येते," भाऊ सांगायचे आणि दोन बोटं टेबलावरून चालवून दाखवायचे. टेबल संपलं की बोटं फरशीवर उतरायची आणि त्यांच्यामागे भाऊही वाकून दारापर्यंत जायचे. मुलं त्यांना पाठीमागे इथरबाबा म्हणायची. मीही पदराआड हसायचे.

एकदा एका मुलाने उरलेलं इथर बेसिनमध्ये ओतलं. भाऊ चिडले की त्यांची देवळ्याकडची अहिराणी बोली बाहेर पडायची. "जीव फुकटना शे का तुना?" असं ओरडले, की मुलगा दोन दिवस कॉलेजात आला नाही.

खंडेनवमीला सगळ्या लॅबमध्ये यंत्रांची पूजा व्हायची. भाऊंना झेंडूची माळ चालायची, दिवा-उदबत्ती नाही. हेडमॅडम म्हणाल्या, "अहो देवरे, वर्षातून एकदा तरी देवाला दिवा नको का?"

"व्हरांड्यात लावू, मॅडम. देव चार पावलं बाहेर येईल. ही वाफ आत थांबेल का, ते सांगा."

त्या वर्षापासून देव व्हरांड्यात.

रोज संध्याकाळी ते प्रत्येक बाटलीवर, जिथवर माल उरला असेल तिथे, पेन्सिलने रेघ मारायचे आणि तेवढंच वहीत लिहायचे. एका मोठ्या सरांनी न विचारता थोडंसं इथर नेलं, तर भाऊंनी वही घेऊन त्यांचं घर गाठलं आणि सही आणली. त्या वहीत खोटं अक्षर नव्हतं.

माझी जाऊ येवल्याची. तिची पैठणी मी भाच्याच्या साखरपुड्याला मागून नेसले आणि जेवताना पदरावर तर्री सांडली. धुवायला द्यावी तर ड्रायक्लीनवाला जावेच्या शेजारचा. तिला लगेच कळलं असतं. कॉलेजात मुलं शेंगदाण्यातलं तेल इथरने काढायची, ते मी पाहिलं होतं. भाऊ डबा खायला बाहेर गेले तेव्हा औषधाच्या रिकाम्या बाटलीत मी दोन बोटं इथर ओतून घेतलं.

घरी मी एकटीच होते. गॅस बंद केला, काडेपेटी बाहेर ठेवली. इतकं मला कळत होतं. पण शेजारी वास जाईल म्हणून दार-खिडकी लावून घेतली. खाली बसून फडक्याने डाग पुसायला लागले. डाग निघालासुद्धा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाटावर देवांपुढे समई तेवत होती, तिकडे माझं लक्षच नव्हतं.

जाळ समईकडून फरशीवरून माझ्याकडे आला. पदराने पेट घेतला, माझा हात भाजला. त्याच वेळी दार वाजत होतं. मी कडी काढली आणि हंडा उचलायला धावले. दारात भाऊ होते. "पाणी नको! पसरेल!" असं ओरडून त्यांनी पलंगावरची गोधडी ओढली आणि जाळावर टाकून दाबून धरली. मग माझा हात कितीतरी वेळ नळाखाली धरायला लावला. संध्याकाळी रेघ मारताना त्यांना बाटलीत दोन बोटं कमी दिसली होती. त्या दिवशी आत मी एकटीच गेले होते. ते तसेच सायकलवर आले होते.

"वहीत काय लिहाल, भाऊ?" मी रडत विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी वही पाहिली. "माझ्याकडून बूच सैल राहिले. इथर उडाले."

तपासणीला आलेल्या साहेबांनी तेवढंच वाचलं. "देवरे, तुमचं बूच सैल?" हेडमॅडमनाही खरं वाटेना. पण मेमो निघाला. निवृत्तीला तीन महिने राहिले असताना स्टोअरची किल्ली काढून घेतली आणि भाऊंना व्हरांड्यात लेबलं चिकटवायला बसवलं. मी फडकं घेऊन दाराशीच उभी होते. तोंड उघडलं असतं तर माझी नोकरी गेली असती, एवढंच. मी उघडलं नाही.

जावेला नवी पैठणी घ्यायला अठरा हजार लागले. तेही भाऊंनीच दिले. महिन्याला पाचशे फेडायचे ठरले. दर पहिल्या रविवारी मी इंदिरानगरला त्यांच्या घरी जायचे. भाऊ एकटेच. लग्न केलं नव्हतं. टेबलावर दोन कप आणि खारी मांडलेली असायची. "हात कसा आहे? दिवा आता कुठे लावता?" हे ठरलेले प्रश्न. एका दिवाळीला बोनस मिळाला म्हणून मी दोन हजार नेले, तर त्यांनी पाचशे ठेवले आणि बाकीचे परत केले. "ठरलंय तेवढंच. घाई कसली?" मला वाटलं, हाही त्यांचा एक नियम.

परवा शेवटचे पाचशे दिले. "भाऊ, तेव्हा मी बोलायला हवं होतं," मी म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

"चहा गार होतोय, मंगलताई."

मग त्यांनी नोट हातात धरून थोडा वेळ पाहिली. "फिटले की सगळे," म्हणाले. आणि हिशोबाची वही उघडत, "मी पुढच्या महिन्याचीसुद्धा खारी आणून ठेवली होती."

तशीही येईन, एवढं साधं वाक्य होतं. ते ओठावर आलं आणि तिथेच राहिलं. भाऊंनी लिहिलं, "अठरा हजार मिळाले. बाकी काही नाही," आणि वही माझ्यापुढे सरकवली. मी सही केली.