ओढ्यातली तांबडी वाडी

नकाशावरचा तो ठिपका चार मिलिमीटर रुंद होता. मधुवंतीनं पट्टी लावून दोनदा मोजला. एका इंचाला एक मैल या प्रमाणानं जमिनीवर तो अडीचशे मीटर भरत होता. ठिपक्याभोवती फिकट नारिंगी कडं होतं आणि त्या कड्यातून खालच्या टेबलाची भेग दिसत होती. शंभर वर्षांपूर्वीची छपाईची शाई कागदाला असं पारदर्शक करत नाही. तेल करतं.

"सापडली!" विभागप्रमुख डॉ. उन्मेष दारातूनच ओरडले. "मॅडम, हरवलेली वाडी सापडली!"

जुन्या स्थलनिर्देशक नकाशांवर पाणी निळं, शेती पिवळी आणि वस्ती तांबडी छापलेली असते. ठिपका तांबडा होता. सरांना तेवढं पुरेसं होतं.

मधुवंतीला मात्र आदला शनिवार आठवत होता. भूगोल विभागाचं रस्सा मंडळ दरवर्षी सुट्टी लागायच्या आधी मटण-रश्श्याच्या जेवणाला बसतं. मजल्यावर मोठं टेबल एकच, नकाशांचं. जेवता जेवता सरांनी पाहुण्यांना आपला अभ्यासाचा भाग दाखवायला नकाशा उलगडला होता, तोही डाव्या हातानं. उजव्या हातात मटणाची नळी होती. ती काही केल्या मोकळी होईना, म्हणून सरांनी ताटाच्या कडेवर जोरात आपटली होती.

"सर, हा ठिपका जरा वेगळा वाटतो."

"वेगळाच आहे! म्हणून तर शोध! या नकाशाचा अभ्यास तुमचा, तेव्हा इथं वाडी होती या दाखल्यावर सही तुमची."

"बघते, सर," मधुवंती म्हणाली.

तीन वर्षं ती हा नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पेठ वडगावजवळच्या एका गावाचा अभ्यास करत होती. गायरान कुठं गेलं, विहिरी कुठं बुजल्या, आणि मुख्य म्हणजे काळओढ्याचं काय झालं. नकाशात ओढा गावाला वळसा घालून सरळ नदीला जात होता. आता त्याच्या निम्म्या पात्रात मुरूम पडला होता आणि गेले दोन पावसाळे पाणी ओढ्याकाठच्या बायडाबाईच्या गोठ्यात शिरत होतं. ओढ्याची खरी वाट कागदावर सिद्ध झाली, तर तो मुरूम काढावा लागणार होता. ते सिद्ध करणारा प्रबंध तिचा होता आणि त्या प्रबंधाचे मार्गदर्शक डॉ. उन्मेष होते. म्हणून 'बघते'.

आणि तांबडा ठिपका पडला होता नेमका ओढ्याच्या निळ्या रेघेवर.

दुसऱ्या एका संग्रहातून तिनं त्याच नकाशाची प्रत मिळवली. तिच्यात ओढा होता, वाडी नव्हती. सरांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या.

"तुमची प्रत अपुरी आहे," ते म्हणाले. "वाडी नकाशा छापणाऱ्यांना नंतर कळली असेल."

आठवड्याभरात बातमी छापून आली. त्यानंतर सरांनी ठिपका मोठा करून पाहिला. तेलाचं कडं दिसलं, त्याची तटबंदी झाली. मधे एक काळा कण होता, त्याचं देऊळ झालं. तटबंदी आणि देऊळ म्हटल्यावर गावातून माणसं येऊ लागली. आण्णा नावाचे म्हातारे गृहस्थ विभागात येऊन खुर्चीवर ऐसपैस बसले.

"आमच्या आज्जीचं म्हायेर त्याच वाडीचं. लई मोठा चौसोपी वाडा हुता, म्याडम."

"ओढ्यात?"

"तवा ओढा न्हवता की!"

"मग नकाशात कसा आहे?"

"तुमी शिकलेली माणसं. तुमीच सांगा."

सगळ्यात खूश झाले उदयसिंह. काळओढ्यात मुरूम टाकून जागा केली होती ती त्यांनीच. ओढ्यात बांधता येत नाही. पण तिथं पूर्वी वस्ती असेल तर ती जागा जुनं गावठाण ठरते, आणि गावठाणात घरं बांधायला कोण अडवणार? ते गाडीतून उतरले ते सरांसाठी शाल घेऊनच.

"सर, तुमी आमचं गाव परत दिलंसा. तिथं स्मारक बांधू. मागं चार प्लॉट पाडू, पन म्होरं स्मारक. तेवढा म्याडमचा दाखला पायजे."

"मॅडम करतीलच," सर म्हणाले. "काय मॅडम?"

"बघते, सर."

त्या संध्याकाळी ती नकाशा घेऊन राजारामपुरीत अक्काकडं गेली. अक्का ही तिची थोरली बहीण. तिची खानावळ होती आणि रस्सा मंडळाचा रस्सा दरवर्षी तिच्याकडूनच जायचा. अक्कानं हात पुसले, नकाशा उजेडाला धरला आणि ठिपक्याला नाक लावलं.

"वास गेलाय. पण रश्श्यावरचा हा तेलाचा कट माझाच हाय. बघ कसा गोल पसरलाय. दुसऱ्याचा कट असा पसरत न्हाय, त्यात पाणीच जास्त."

"त्याला तटबंदी म्हणतात, अक्का."

"कोण म्हणतं?"

"सर."

"आणि तू काय म्हणतीस?"

मधुवंती नकाशाची घडी घालू लागली.

"बघते म्हणाली असशील," अक्का म्हणाली. "स्थळं आली तवा बी बघतेच म्हणायचीस. चांगली चांगली पोरं बघता बघता बापं झाली. ऐक, स्मारकाच्या भूमिपूजनाच्या जेवणाची ऑर्डर मलाच आलीया. तुझ्या सरांनीच नाव सुचवलं. म्हंजे वाडी बी माझी, जेवण बी माझंच."

भूमिपूजनाच्या दिवशी मुरमावर मांडव उभारला होता. मागच्या फ्लेक्सवर नकाशा इतका मोठा छापला होता की वाडी परातीएवढी दिसत होती. तिच्या एका बाजूला उदयसिंह हात जोडून उभे होते, दुसऱ्या बाजूला शाल पांघरलेले सर. मांडवाच्या कडेला अक्काची पातेली उकळत होती. पहिल्या रांगेत आण्णा फेटा बांधून बसले होते, शेजारी बायडाबाई.

"तुमचं बी आजोळ वाडीतलंच का, मावशी?" मधुवंतीनं विचारलं.

"आजोळ कुठलं? माजी म्हस दोन दिवस पान्यात हुबी हुती. आता ह्येंनी समदाच ओढा बुजवला की पानी माज्या चुलीत. तू नकाशावाली न्हवं? मग बोल की त्येस्नी!"

तेवढ्यात माइकवरून सरांचा आवाज आला. "आता मॅडम दाखल्यावर सही करतील आणि दोन शब्द बोलतील."

मधुवंती मंचावर गेली. सरांनी दाखला आणि पेन पुढं केलं. तिनं पेन घेतलं नाही. पिशवीतून नकाशाच्या स्वच्छ प्रतीची छापील नक्कल काढून टेबलावर पसरली आणि मांडवाच्या कडेला हाक मारली.

"अक्का, वाटीभर रस्सा आण. वर कट असलेला."

"पूजेच्या आधी?" उदयसिंह दचकले.

"अभ्यासासाठी."

अक्का वाटी घेऊन तडक मंचावर आली. मधुवंतीनं चमचा बुडवला आणि नकाशावर एकच थेंब सोडला. कागद तेल पिऊ लागला. थेंबाभोवती नारिंगी कडं हळूहळू पसरत गेलं. तिनं नकाशा उचलून सगळ्यांना दिसेल असा धरला.

"ही तटबंदी."

पहिल्या रांगेतली माणसं पुढं वाकली. मग बायडाबाईनं विचारलं, "आनि देऊळ?"

"मसाला. जरा जास्त भाजलेला."

"जास्त न्हाय, बरोबर भाजल्याला!" अक्का म्हणाली.

हसू मागच्या रांगांतून पुढं येत गेलं. उदयसिंह मात्र हसत नव्हते. ते मान वाकडी करून नव्या थेंबाकडं बघत होते. "म्याडम, ही दुसरी वाडी पडली कुठं?"

"तुमच्या बंगल्यावर, साहेब. तिथं बाग आहे ना, बरोबर तिथं."

आण्णा फेटा सावरत उठले. "म्याडम, मला आता नीट आठवतंय. आज्जीचं म्हायेर ह्या दुसऱ्या वाडीचं! चौसोपी वाडा, आनि म्होरं बाग!"

"माजं बी!" मागून कुणीतरी ओरडलं. "बंगल्यात आमचा बी वाटा हाय!"

"खाली बसा!" उदयसिंह कडाडले. "वाडी न्हाय त्यो, डाग हाय! आंधळी हाय का समदी?" आणि आपण काय बोललो हे ध्यानात येताच ते फ्लेक्सकडं वळले. परातीएवढा डाग त्यांच्या हात जोडलेल्या फोटोशेजारी चकाकत होता.

डॉ. उन्मेष घामाघूम झाले होते. त्यांनी मधुवंतीच्या कानाशी वाकून दाखला पुन्हा पुढं सरकवला. माइक चालू होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

"मॅडम, तो थेंब वेगळा, हा ठिपका वेगळा. तुमचा प्रबंध माझ्या टेबलावर आहे, विसरू नका. सही करा. शांतपणे बघा एकदा."

सगळा मांडव ऐकत होता. बायडाबाई उठून उभी राहिली होती. मधुवंतीनं दाखला हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, त्याची नीट घडी घातली आणि रश्श्याच्या वाटीवर झाकण म्हणून ठेवली.

"बघितलं, सर," ती माइकमध्ये म्हणाली. "मी सही करणार नाही."