टुणकीचं केळवण

एका जंगलात, बाळांनो, कुमुदिनीकाकू नावाच्या एक वानरीणबाई राहायच्या. त्यांना सगळ्याची काळजी वाटायची. फांदी मोडेल का, पाऊस जास्त होईल का, आपण फार काळजी तर करत नाही ना, अशी सगळी.

त्या वर्षी जंगलात प्राणी पाळायची टूम निघाली. अस्वलीणबाईंनी मासे पाळले. सशांनी फुलपाखरू पाळलं. ते लगेच उडून गेलं, पण सशांच्या दारावर 'फुलपाखरापासून सावध राहा' ही पाटी तशीच राहिली. कुमुदिनीकाकूंनी पाळली बिबट्या पाल.

पाल म्हटल्यावर पाय वर घेऊ नका. मीही घेतलेले नाहीत. एकच घेतलाय. बिबट्या म्हटल्यावरही पळू नका; हरणं पळाली होती आणि नंतर त्यांना फार लाजल्यासारखं झालं. ही वीतभर पाल असते. पिवळं अंग, काळे ठिपके, तोंड कायम हसरं. भिंतीवर चढायला तिला येत नाही.

काकूंची पाल हा मुलगा होता. नाव ठिपकेश. पण काकू त्याला लाडाने 'आमचे चिरंजीव' म्हणायच्या. पुढचा सगळा घोटाळा या एका शब्दाने झाला.

ठिपकेशला जेवायला जिवंत किडे लागायचे. कुठले किडे द्यावेत, हे काकूंनी जंगलभर विचारलं. ससा म्हणाला, "काजवे द्या की! जेवणही होईल आणि उजेडही." बरं झालं, काकूंनी ऐकलं नाही. काजवा पालीला विषासारखा बाधतो. शेवटी काकूंनी रातकिडे ठेवले. एक मोठा खोका आणला, झाकणाला जाळी लावली, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे केले. पाण्याच्या वाटीत रातकिडे बुडतात, म्हणून ओला कापूस ठेवला. खोका उबदार, हवेशीर. रातकिडे त्याला सोसायटी म्हणायचे.

काकू रोज जाळीपाशी वाकून स्वतःशी पुटपुटायच्या, "आमच्या चिरंजीवांसाठी चांगली बघायला हवी. अंगापिंडाने भरलेली हवी, पण उंची बेताची. त्याच्या दोन डोळ्यांच्या मध्ये मावेल एवढीच. आणि गाणारी नको बाई, दचकतो तो."

रातकिड्यांमध्ये गातात फक्त मुलगे. त्यामुळे काकूंच्या निवडीत उरल्या फक्त मुली.

आता तुम्हीच सांगा. चिरंजीव आहेत, मुलगी बघतायत, उंची विचारतायत. सोसायटीने काय समजावं?

"स्थळ आलंय!" झिंगूआत्या ट्रेवरून ओरडली. झिंगूआत्या म्हणजे सोसायटीतली सर्वांत जुनी रातकिडी. एक तंगडी नव्हती, पण लग्नं जमवायला तंगडी लागत नाही. "खात्यापित्या घरचा मुलगा आहे. मी झाकणाच्या फटीतून पाहिलाय. शेपटी बघा कशी गुबगुबीत आहे!"

तेवढ्यात वरून गाजर पडलं. मग भोपळा. मग शेवग्याचा कोवळा पाला. रातकिड्याच्या पोटात जे जातं तेच पुढे पालीच्या पोटात जातं, म्हणून काकू निवडलेल्या मुलींना आधी पोटभर खाऊ घालायच्या.

"केळवण!" आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "लग्नाआधी मुलीला सासरकडून केळवण! असं सासर पाहिलंय का कुणी?"

आणि मुली जाऊ लागल्या. रोज संध्याकाळी काकू एक-दोघींना उचलायच्या, अंड्याच्या कवचांची पांढरी पूड अंगाला लावायच्या, म्हणजे पालीची हाडं मजबूत होतात, आणि शेजारच्या काचेच्या घरात सोडायच्या.

"हळद पांढरी कशी?" एकीने विचारलं.

"मोठ्या घरांत पांढरीच असते," आत्या म्हणाली.

या सोसायटीत टुणकी राहायची. कशालाही दचकून टुणकन उडी मारायची, म्हणून टुणकी. गाजर पडलं की उडी. कुणी शिंकलं की उडी. स्वतःची मिशी डोळ्यांसमोर आली तरी उडी. तिला एक धाकटी बहीण होती, छबी. टुणकी आणि छबी एकाच ट्रेच्या एकाच खळग्यात झोपायच्या.

टुणकी एकदा भीत भीत म्हणाली, "आत्या, गेलेल्या ताया माहेरपणाला का गं येत नाहीत?"

"रमल्या सासरी."

"सगळ्याच?"

"एवढ्या मुली दिल्या, एक तरी तक्रार घेऊन परत आली का? सांग ना, आली का?"

"नाही, पण..."

"मग! फार भला मुलगा आहे. कुणाला चकार शब्द बोलत नाही. सगळं पोटात घालतो."

"पण आत्या, एकाच मुलाला रोज नवी..."

"भाऊ असतील त्याचे. तुला काय करायचंय? चौकशा करणाऱ्या मुली घरात बसून राहतात."

टुणकीची आई मध्ये पडली. "टुणके, मुलींना आधी असंच वाटतं. तुझ्या मावशीलाही वाटलं होतं. गेली की नाही शेवटी?"

मावशी गेली होती, हे खरंच होतं.

दुसऱ्या संध्याकाळी झाकण उघडलं आणि काकूंचा हात टुणकीवर आला. सोबत शालन नावाची एक वळणदार मुलगी होती. आत्या खालून ओरडून सूचना देत होती, "टुणके, मान वर करू नकोस! हलू नकोस! विचारल्याशिवाय बोलू नकोस! शालन, तुला काय सांगायचं, तू शहाणीच आहेस!"

पूड लागली. शिंका आल्या. आणि दोघी काचेच्या घरात.

दगडाच्या कपारीतून ठिपकेश बाहेर आला. हसरं तोंड, शेपटीचं टोक थरथरत होतं.

"बघ, लाजतोय," शालन कुजबुजली. ती चार पावलं पुढे गेली आणि पाया पडायला वाकली.

बाळांनो, इथे डोळे मिटा. मी मिटलेत.

झालं. उघडा.

ठिपकेश ओठ चाटत होता. शालन नव्हती.

टुणकीला उडी मारायची होती. आयुष्यभर मारली, पण आज पाय गोठले. ती दगड झाली.

"अजून कोणी आहे का?" ठिपकेशने सभ्यपणे विचारलं. "असाल तर जरा हला हं. हललं की पटकन दिसतं मला. डोळे तसे बरे आहेत, पण सवयच तशी."

टुणकी हलली नाही. ठिपकेश तिच्यासमोरून दोनदा गेला, एकदा तर तिच्या मिशीवर पाय देऊन गेला. मग काचेवर चढायला गेला, घसरला, आणि जांभई देऊन कपारीत शिरला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो झोपूनच होता. दुपारी काकूंनी पाहिलं आणि त्या हळहळल्या. "अगंबाई, ही राहिलीच. इथे राहिली तर झोपेत चावायची त्याला." त्यांनी टुणकीला उचललं आणि परत सोसायटीत सोडलं.

सोसायटी गोळा झाली. अख्ख्या इतिहासात पहिल्यांदाच एक मुलगी परत आली होती.

"तो खातो!" टुणकी ओरडली. "आई गं, तो आपल्याला खातो! शालनला खाल्लं! मी पाहिलं!"

मग झिंगूआत्याने हळूच टुणकीच्या आईच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हणजे नकार आला," आत्या म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नकोस. पण पोरीने स्थळाची अशी बदनामी करू नये हो."

"नापसंत झाली म्हणून बोलतेय," मागून एक.

"द्राक्षं... आपलं, गाजरं आंबट," दुसरी.

"आणि थोडं खाल्लं तर काय झालं?" तिसरी म्हणाली. "आमचे हे काय कमी डोकं खातात? मुलीने सांभाळून घ्यायला नको?"

वरून आवाज आला. काकू पुटपुटत होत्या, "आज ही छोटी घ्यावी. चिरंजीवांच्या अगदी मापाची आहे." आणि छबीसमोर गाजराचा मोठा तुकडा पडला.

छबी खूश होऊन गाजर खाऊ लागली. टुणकी तिच्याकडे बघत राहिली. खरं सांगून झालं होतं. रडून झालं होतं. आता तिच्याकडे उरलेली एकच माहिती होती, आणि ती तिला काही फार महत्त्वाची वाटली नव्हती.

ती आईला म्हणाली, "दिवसभर झोपतो गं तो."

"कोण?"

"मुलगा."

झिंगूआत्याने मिशा टवकारल्या. "दिवसभर? कामावर जात नाही?"

"नाही. संध्याकाळी उठतो. आई जेवायला आणून देते. मग परत झोपतो."

सगळी सोसायटी ट्रेवरून खाली उतरली.

"म्हणजे नोकरी नाही?" टुणकीच्या आईचा आवाज फाटला.

"घर?" आत्याने विचारलं.

"आईच्या नावावर असणार. काचेचं आहे. एकच खोली."

"एक खोली!"

"आणि भिंतीवर चढतासुद्धा येत नाही त्याला."

"पाल असून?" आत्या मटकन खाली बसली. "फसवणूक! सरळ सरळ फसवणूक! आणि मी मेली शेपटी बघत बसले!"

छबीच्या तोंडातलं गाजर आईने ओढून काढलं. "टाक ते! बेकार मुलाच्या घरचं केळवण खायचं नाही!"

संध्याकाळी काकूंनी झाकण उघडलं मात्र, आणि पूर्ण सोसायटी एकदम उडाली. आया, आजोबा, गाणारे मुलगे, छबीला पाठीवर घेतलेली टुणकी, आणि एका तंगडीने कमी असलेली झिंगूआत्या, जी काकूंच्या नाकावर क्षणभर थांबून म्हणाली, "आम्हाला योग नाही!" आणि मग उडाली.

काकू किंचाळून झाडाच्या शेंड्यावर गेल्या. रातकिडे गवतात पसरले. टुणकीने छबीला एका मुळाखाली नेलं, पानाआड ठेवलं, आणि वाऱ्याने पान हललं तेव्हा दोघींनी मिळून उडी मारली.

इकडे ठिपकेश जागा झाला. त्याला भूक लागली होती. काकू खाली आल्या आणि घाईघाईने शेजारणीकडून कोंड्यातल्या अळ्यांचा डबा मागून घेऊन आल्या. डबा चिरंजीवांच्या घराशेजारी ठेवला. आत गाजराचा तुकडा टाकला.

मग एक म्हातारी अळी कोंड्यातून वर आली. तिने काचेतून नीट निरखून पाहिलं.

"मुलींनो, जाग्या व्हा गं," ती म्हणाली. "एकटाच दिसतोय. नणंद नाही, जाऊ नाही!"

तात्पर्य : स्थळ आपल्याला खाईल की काय, अशी शंका काढणारी मुलगी आगाऊ असते, तिचं ऐकू नये. मुलाला नोकरी नाही, असं सांगणारी मुलगी मात्र समंजस असते; तिच्यासोबत सगळ्यांनी ताबडतोब पळावं.