ट्रॅम्पोलिनवरच्या कुरडया

परसदार

"आई, थोडा वेळ कुरडया उचलता का? मला परसदाराचा फोटो काढायचाय."

"नाही."

पद्माताई कॅम्पिंगच्या खुर्चीत बसल्या होत्या. अंगात मॅक्सी, डोक्यावर मुलाची क्रिकेटची टोपी, हातात झाडूचा दांडा. समोर ट्रॅम्पोलिन, त्यावर धुतलेली चादर आणि चादरीवर कुरडयांची पांढरीशुभ्र वेटोळी. मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या काळ्या-पांढऱ्या मॅगपाय पक्ष्यांना त्या 'गोरे कावळे' म्हणत आणि दांडा त्यांच्यासाठीच होता.

"अगं, अर्धवट वाळलेली कुरडई हलवली की मोडते. तू तुझी पृथ्वी हलव."

सुनेला, शाल्मलीला, पृथ्वी हलवता येत होती, हीच तर पंचाईत होती.

जरा लांबून

शाल्मली शाळकरी मुलांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत ग्राफिक्सचं काम करायची. तिचा नवा धडा अंतराळातून सुरू होई. टॅब्लेटवर दोन बोटं टेकवून फाकवली की ऑस्ट्रेलिया जवळ यायचा, मग मेलबर्न, मग एक उपनगर, एक गल्ली, एक परसदार, लिंबाचं झाड, पान आणि शेवटी पानातल्या पेशी. मध्ये कुठे धक्का नाही, काळा पडदा नाही, गोल फिरणारं चक्र नाही. पुढचं चित्र आधीच्या चित्राच्या पोटात येऊन बसलेलं असे आणि बघणाऱ्याला पत्ता न लागू देता मोठं होत जाई.

मॅनेजर ग्रेगला हे लाड वाटत.

"शाळांचे टॅब्लेट जुने असतात, शाल. एक 'नेक्स्ट' बटण दे. नो वरीज."

ग्रेगच्या डोक्यातला धडा असा होता:

ऑस्ट्रेलिया.

नेक्स्ट.

मेलबर्न.

नेक्स्ट.

पान.

"आणि मधलं सगळं?" शाल्मलीनं विचारलं.

"मधलं कोणाला हवंय?"

"मला! ही पेशी ह्या देशातल्या ह्याच झाडावर आहे, हेच तर पोरांना दिसायला हवं. नेक्स्ट टाकलं की नुसता स्लाइड शो. मी नाही करणार."

"शाल, मेट..."

"नाही करणार."

शेवटी ठरलं, की शुक्रवारी टार्निटच्याच एका शाळेत चौथीच्या वर्गावर प्रयोग करायचा. जमला तर झूम, फसला तर नेक्स्ट. आणि नेमका गल्ली आणि लिंबाच्या झाडामधला, परसदाराचा फोटो शाल्मलीकडे नव्हता.

पुन्हा परसदार

नवरा यतिन वरच्या बेडरूमच्या खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळला. हातात रंगाच्या रोलरची लांब काठी, काठीच्या टोकाला फोन.

"अजून वाक!"

"अजून वाकलो तर मीच फोटोत येईन!"

फोटो सुरेख आला. मधोमध लिंबाचं झाड आणि कोपऱ्यात ट्रॅम्पोलिन, कुरडया, पद्माताई, दांडा. उपग्रहाच्या चित्रातल्या तिच्याच घरावर तो असा चपखल बसला, की सांधा दिसेना. ट्रॅम्पोलिन कापलं तर तिथे भोक पडलं असतं. मुलं काय, लिंबाकडेच जाणार, असं तिनं गृहीत धरलं.

मुलं.

वर्ग

बोटं जिथे टेकतील तिथेच झूम व्हायचा. सुरुवातीला सगळं लोण्यासारखं चाललं. ऑस्ट्रेलिया आला, मेलबर्न आलं, टार्निट आलं. जुन्या टॅब्लेटनी एक आचका दिला नाही. मागे भिंतीला टेकलेल्या ग्रेगकडे शाल्मलीनं मान ताठ करून पाहिलं.

"मिस! समवन्स ड्रायिंग ब्रेन्स!"

सगळ्या वर्गानं लिंबाचं झाड सोडलं आणि ट्रॅम्पोलिनवर धाड घातली. स्क्रीनभर कुरडया पसरल्या. त्या मेंदू आहेत, यावर एकमत झालं. मग एकीनं खुर्चीतल्या आजीवर बोटं फाकवली. टोपी आली, चष्मा आला, गाल आला, आणि गालाच्या पोटातून अलगद हिरव्यागार पेशी उमलल्या. तळाला शाल्मलीनं सगळीकडे पानाचंच चित्र ठेवलं होतं.

"ग्रॅनी इज अ प्लांट!"

वर्ग बाकांवर चढला.

परतताना कारमध्ये ग्रेग म्हणाला, "झूम संपला. सोमवारी नेक्स्ट."

"एक धक्का बसला नाही, ग्रेग. एकसुद्धा!"

"मला बसला ना."

कुंपण

शनिवारी सकाळी कुंपणापाशी चौथीतली पोरं आईबापांसकट उभी होती. झूम मध्ये कुठेच तुटत नव्हता, त्यामुळे टार्निटच्या पोरांना स्वतःच्या शाळेवरून सरकत सरकत हे घर सापडलं होतं.

"एक्स्क्यूज मी, इज दिस द ब्रेन हाउस?"

पद्माताईंनी दांडा खाली ठेवला आणि कढई चढवली. तेलात कुरडई फुलली, तशी पोरांनी किंकाळी मारली. मग खाल्ली. मग आणखी मागितली.

"मस्त आहेत हो पोरं," पद्माताई म्हणाल्या. "तो तुझा गोरा मात्र सारखा फोन करतोय."

"करू दे. मी उचलणार नाही."

दुपारी दारावर थाप पडली. दारात घामाघूम ग्रेग, काखेत टॅब्लेट.

"फोन का उचलत नाहीस? शाळेतल्या बाईंचा मेल आलाय."

"माझा पत्ता कोणी दिला तुला? ऑफिस तर बंद आहे."

ग्रेग चुळबुळला. "मी... झूम केला."

"अच्छा! नेक्स्ट दाबलं असतंस तर आत्ता कुठे असतास?"

"मेलबर्नमध्ये," तो पुटपुटला. "आणि मग पानावर."

पद्माताईंनी त्याच्या हातावर कुरडई ठेवली. ती खातखातच त्यानं मेल दाखवला. बाईंना झूम हवा होता. वर एक मागणी होती: आजीच्या गालात आजीच्याच पेशी दाखवा, म्हणजे वनस्पती आणि प्राणी, दोन्ही एकाच अंगणात शिकवता येतील.

"ओके. झूम राहील," ग्रेग म्हणाला. "पण तुझं घर असं सगळ्यांना सापडून चालणार नाही. दुसऱ्या घराचा फोटो घे. दुसरी आजी."

"काय म्हणतोय?" पद्माताईंनी विचारलं.

"तुम्हाला काढून टाका म्हणतोय."

"सांग त्याला, हलणार नाही."

"शी वोन्ट मूव्ह," शाल्मलीनं सांगितलं.

ग्रेगनं दुसऱ्या कुरडईकडे हात नेला आणि विषय सोडला.

पुन्हा देश

मग शाल्मलीनं खरोखरच पृथ्वी हलवली. नव्या धड्यात ऑस्ट्रेलिया जवळ येतो, पण मेलबर्नकडे वळूनही बघत नाही. देशाच्या पोटातलं लाल वाळवंट पसरत जातं, पसरतच जातं. ना रस्ता, ना घर. मग एक ठिपका. ठिपक्याचं लिंबाचं झाड होतं आणि झाडाशेजारी ट्रॅम्पोलिन, कुरडया, पद्माताई, दांडा. कुठेही धक्का नाही.

पद्माताईंनी स्वतःला बोटांनी जवळ आणलं. लांब नेलं. पुन्हा जवळ आणलं.

"इथे गोरे कावळे आहेत?"

"नाहीत, आई. चिटपाखरू नाही."

"ऊन झकास आहे. पुढचं वाळवण इथेच घालायला हवं." त्यांनी चष्मा सारखा केला. "पण मग माझ्या हातात तो दांडा कशाला? वेड्यासारखं दिसतं. काढ तो."

"नाही," शाल्मली म्हणाली. "आता हलवला की मोडेल."