न हसणारे शेषराव

आमच्या नेरमध्ये कुणीही गेलं की पाहुणेरावळे पोचायच्या आधी शेषराव स्मशानात हजर असतात. जात, ओळख, काही लागत नाही. लग्नाला मात्र ते सख्ख्या भाचीच्याही गेले नाहीत. पत्रिका घेऊन आलेल्याला ओट्यावरूनच परत पाठवतात, "बाप्पा, लग्नात लोक हासवतात. मयतीत कोणी हासवत नाई. मले टाके हायेत."

टाके पडून किती वर्षं झाली, हे विचारायची सोय नव्हती.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या ओट्याला लागून आहे. त्यामुळे हा माणूस मला रोज दिसतो. दिसतो म्हणजे, आधी पोट दिसायचं आणि मागून शेषराव यायचे. सदऱ्याखाली टरबूज बांधावं तसा तो फुगवटा, वरून रुंद पट्टा. शिंक आली की ते दोन्ही तळहातांनी पोट दाबून धरत. कुणी गमतीची गोष्ट सुरू केली की उठून घरात जात आणि दार लावून घेत. माझ्या दुकानात दोन पोरी मोबाइलवर काहीतरी पाहून खिदळल्या, तर हे बाहेरून माझ्यावर डाफरले, "बंद कर थे. माह्यं आतडं बाहीर पडलं तं तू टाकशीन काय आत?" पोरी झेरॉक्स न काढताच पळाल्या.

हे सगळं सुरू झालं ते एका विनोदापासून, असं शेषराव सांगत.

तेव्हा ते जिनिंगमध्ये काट्यावर होते, आलेला कापूस मोजायचे. एक दिवस पोटात आतडं फुटलं. यवतमाळला तातडीनं नेऊन बेंबीच्या वर-खाली वीतभर चिरून ऑपरेशन झालं. पोटाच्या ऑपरेशननंतर हवा सरेपर्यंत धड पाणीही देत नाहीत, आणि यांची हवा काही सरेना. डॉक्टर विचारत, सिस्टर विचारत, डबा घेऊन आलेले सासरे अख्ख्या वॉर्डासमोर विचारत, "जावईबापू, सरली काय?" शेषराव चादर तोंडावर ओढून घेत.

अशात रहेमानभाई भेटायला आले. रहेमानभाई म्हणजे बसस्टँडजवळच्या गॅरेजचे मालक, शेषरावांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांच्याइतका हसवणारा माणूस आमच्या गावात झाला नाही. लोक धडधाकट गाड्या घेऊन गॅरेजवर जाऊन बसायचे, नुसतं त्यांचं बोलणं ऐकायला. मी त्या दिवशी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. रहेमानभाईंनी इंजिन ऐकावं तसा शेषरावांच्या पोटाजवळ कान नेला, बराच वेळ ऐकलं आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "सिस्टर, इंजिन ठीक हाय. एक किक मारा, स्टार्ट होते. फक्त मांगं कोणी उभं राहू नका."

शेषराव असे हसले की हवाही सरली आणि टाकेही गेले. पट्टी लाल झाली. त्यांना पुन्हा आत नेलं.

पुन्हा शिवलं. काही महिन्यांनी तो व्रण फुगू लागला. आणखी एकदा शिवलं, तेही सुटलं. मग ते पोट घेऊनच ते जगू लागले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "रहेमाननं माह्यं पोट फाडलं."

गावाला एवढं पुरे होतं. गॅरेजवर येणारा प्रत्येक रिकामटेकडा विचारायचा, "काय रहेमानभाई, आज किती फाडले?" आधी ते स्वतःही हसत. मग हसेनासे झाले. मग बोलेनासे झाले. गॅरेजवर नुसता पान्यांचा आवाज उरला. दोनदा ते शेषरावांच्या ओट्यावर आले. दोन्ही वेळा शेषरावांनी पंजा वर केला, "दूरच राय. तुह्यं तोंड पाह्यलं तरी हासू येते." एवढं कौतुक आणि एवढा अपमान एकाच वाक्यात मी दुसरीकडे ऐकलेला नाही. मला त्याचा अजून राग येतो.

मध्यंतरी पोट वरचेवर दुखू लागलं, तेव्हा मीच त्यांना बसनं यवतमाळला एका नव्या सर्जनकडे नेलं. सर्जननं विचारलं, पहिली जखम उघडली कशी?

"दोस्तानं हासवलं."

"तेव्हा ताप होता?"

"होता."

"जखमेतून काही येत होतं?"

"पाणी येऊन राह्यलं होतं. पिवळं."

"तंबाखू-खर्रा?"

शेषराव माझ्याकडे बघत म्हणाले, "खात होतो. वार्डातबी. लपून."

"मग जखम आत चिघळलीच होती, काका. तुम्ही हसला नसता तर खोकताना उघडली असती. मित्राचा काय दोष?"

आता आतून जाळी लावून पोट शिवू, सर्जन म्हणाले, पण आधी खर्रा बंद, वजन कमी आणि श्वासाचा व्यायाम. नेरला उतरल्यावर मी म्हटलं, चला गॅरेजवर.

"आता नाई," ते म्हणाले. "माफी मांगाले गेलो तं थो कायतरी बोलीन, अन मी पोट धरून उठून येईन. ऑपरेशन होऊ दे. मंग त्याच्यासमोर बसून जीव भरून हासीन. थेच माह्यी माफी."

मी म्हटलं, दोन शब्द बोलायला पोटात जाळी लागत नाही. ऐकतील तर ते शेषराव कसले?

खर्रा मात्र सुटला. ओट्यावर बसून ते तीन गोट्यांचं प्लास्टिकचं यंत्र तोंडात धरून श्वास ओढायचे. गोट्या वर चढल्या की माझ्याकडे विजयानं पाहायचे. अशाच एका सकाळी बातमी आली की रहेमानभाई गॅरेजवर काम करता करता पडले. लकवा. उजवं अंग गेलं, वाचा गेली. शेषरावांनी यंत्र खाली ठेवलं. थोड्या वेळानं उचललं आणि दम लागेपर्यंत ओढत राहिले.

ऑपरेशन चांगलं झालं. पोट सपाट झालं. वजन उचलू नका, हसा किती हसायचं ते, असं सर्जननं सांगितलं. चालायला लागल्यावर ते मला घेऊन रहेमानभाईंकडे गेले. भाभींनी खाटेजवळ खुर्च्या मांडल्या.

आणि शेषराव सांगू लागले. इतकी वर्षं मयतीत पाहिलेलं सगळं. शोकसभेत एका पुढाऱ्यानं मयताला उदंड आयुष्य चिंतलं. एका फोटोवाल्यानं सवयीनं घरच्यांना 'जरा हसा' म्हटलं. "दर टाइमले वाटे, हे रहेमानले सांगाले पाह्यजे. हासू गिळून उभा राहो." आणि शेषराव हसले. मोठ्यानं, वेडंवाकडं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

रहेमानभाईंचा चेहरा डावीकडून थरथरला. मला वाटलं, तेही हसतायत. पण ते घाबरले होते. त्यांचा चालता डावा हात चादरीवरून सरकत आला, शेषरावांच्या पोटावर टेकला आणि त्यांनी ते गच्च दाबून धरलं.

"अबे, आता नाई सुटत. जाळी हाय," शेषराव हसतच म्हणाले. "अन तवाबी तुह्यानं नोतं सुटलं, रहेमान. आत पू झालता." हेच त्यांनी पुन्हा सांगितलं. मग भाभींकडून हिंदीत सांगवलं. रहेमानभाई टक लावून ऐकत राहिले.

शेषराव हसायचे थांबले, तेव्हा कुठे रहेमानभाईंनी पोटावरचा हात काढला.